अनसिंगवाली

सुकेशनीचा आवाज वाशीम जिल्ह्यात कोणी ऐकला नव्हता असं नाही; सुकेशनीला मात्र फार थोडे ओळखत होते. बियाण्यांची दुकानं, साड्यांचे सेल, डोळे तपासणीची शिबिरं, अगदी हरवलेली म्हैससुद्धा, सगळ्यांच्या जाहिराती ती अनसिंगच्या घरात रेकॉर्ड करायची. भिंतींना गोधड्या टांगलेली एक खोली, एक माईक आणि भावाचा जुना लॅपटॉप, एवढाच तिचा स्टुडिओ. मजकूर व्हॉट्सअॅपवर यायचा, आवाज व्हॉट्सअॅपवरच जायचा आणि भोंगा लावलेल्या ऑटोत बसून गावोगाव फिरायचा.

एकदा कारंजाच्या एसटीत तिने कंडक्टरकडे तिकीट मागितलं, तशी पुढच्या सीटवरची बाई गर्रकन वळली.

"अवं, तुमी त्या ठिबकच्या पाइपवाल्या तं नाई?"

"मीच." सुकेशनीला हसू आवरेना.

"नाव काय तुमचं?"

सुकेशनीने नाव सांगितलं. बाईने ते नीट ऐकून घेतलं, मग लगेच नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाली, "ऐकलं का, बसमंधी पाइपवाली भेटली!"

घरी आल्यावर तिने हे प्रसेनजितला सांगितलं. हा तिचा धाकटा भाऊ, वाशीमला एका पतसंस्थेत नोकरीला. तो हसला नाही. "ताई, गंमत नाई हे. तुहं काम पाइपच्या नावावर जमा होऊन राह्यलं. ब्रँड पाह्यजे तुहा."

मग सुकेशनीने मोबाईलवर ब्रँड कसा करायचा याचे व्हिडिओ पाहायचा सपाटाच लावला. एक नाव ठेवा, एक रंग धरा, रोज लोकांसमोर या. तिने 'स्वरसुकेशनी' नावाचं पेज काढलं, जांभळा रंग धरला, कानाला हेडफोन लावून फोटो काढला. व्हिडिओतली माणसं मोठ्या शहरातलं घोटीव मराठी बोलत. तीही तसं बोलू लागली. 'नमस्कार, मी सुकेशनी. आपल्या व्यवसायाला देऊया आवाजाची नवी ओळख.' पेजवर मावसबहिणींनी, आत्याच्या सुनांनी भरभरून बदाम टाकले. ऑटोवाल्यांचे फोन मात्र हळूहळू आटत गेले. का, ते तिला कळेना.

अशातच जिल्ह्यातल्याच शिरपूरला मैत्रिणीकडे बारशाला गेली असताना तिने तो आवाज ऐकला. बाजाराच्या रस्त्याने भांड्यांच्या सेलचा ऑटो चालला होता. "ऐका बरं माय! घरी कुकर हाये, पन शिटी वाजत नाई, असं झालं का? तं मंग या..." इथे आवाज थांबला. अगदी क्षणभर. आणि मग दुकानाचं नाव आलं.

सुकेशनीच्या हातातली घुगऱ्यांची वाटी तशीच राहिली. बोलण्याची तऱ्हा तिची होती, थांबणं तिचं होतं, 'माय' म्हणताना येणारं ते अर्धं हसूही तिचंच. आवाज मात्र तिचा नव्हता.

ती चप्पल पायात सरकवून ऑटोमागे निघाली. मैत्रीण "काहून चालली?" म्हणत दारात उभी राहिली. चौकात ऑटो चहाला थांबला. राजपाल नावाचा ड्रायव्हर खाली उतरला.

"दादा, हा कोनाचा आवाज हाये?"

"अनसिंगवालीचा."

"अनसिंगवाली मीच हावो," सुकेशनी म्हणाली. आपल्याला लोक असं म्हणतात, हे तिला आत्ताच कळत होतं.

राजपाल चपापला, मग मोकळेपणाने बोलला. "मंग खरं सांगतो ताई. मालक म्हने अनसिंगवालीसारखं पाह्यजे. तुमच्या मोबाईलवरचं ऐकलं, तं ते टीव्हीवानी वाटलं. मंग आमच्या हिरीबाईनं बोलून देल्लं. तिले तुमची सारी जाहिरात पाठ हाये. ते काय, मंदिराच्या रस्त्यावर बांगड्याचं दुकान."

हिरीबाई चाळिशी ओलांडलेली, अंगापिंडाने भरलेली बाई. यात्रेकरू बायकांच्या हातात बांगड्या चढवता चढवता तिचं तोंड अखंड चालू होतं. सुकेशनीने ओळख सांगितली, तशी तिने हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या.

"भांडाले आली का वं माय?"

"नाई मावशी. ऐकाले आली. पुन्हा एकडाव बोला ना."

हिरीबाईने इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला आणि कुकरची जाहिरात सुरुवातीपासून म्हटली. सुकेशनी डोळे मिटून ऐकत राहिली. स्वतःला दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला गुदगुल्या होत होत्या.

"माह्यं बोलनं तुमी कसं उचललं?"

"सोपं हाये. साऱ्या जाहिराती अंगावर धावून येतात. तू तसं नाई करत. नाव सांगाच्या आंधी थांबते. जसं कोनी आपल्याकडे पाह्यलं, मंगच सांगते." हिरीबाईने तिच्या मनगटाचं माप डोळ्यांनीच घेतलं. "कोनापासी शिकली?"

हे थांबणं आपल्यात कुठून आलं, याचा सुकेशनीने कधी विचारच केला नव्हता. परतीच्या एसटीत ती तेच आठवत राहिली. कॉलेजातल्या बाई? शिबिरातले भाषण करणारे? कोणीच तसं बोलत नव्हतं.

घरी पोचली तेव्हा आई, पंचफुला, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत पाठमोरी बसली होती. एका कानाने तिला लहानपणापासून ऐकू येत नसे.

"आई," सुकेशनीने हाक मारली आणि थांबली. आईने मान वळवली, तिच्याकडे पाहिलं. मग सुकेशनी म्हणाली, "आली मी."

आणि ती दारातच उभी राहिली. या घरात सगळे असेच बोलत. प्रसेनजितही, बाबा होते तेव्हा तेही. आधी हाक, मग आई वळेपर्यंत थांबायचं, मग गोष्ट सांगायची.

"असी काय पाहून राह्यली?" आईने विचारलं.

"काही नाई. तुह्या कानाचं काम लय गावात पोचलं."

आईला काही उमगलं नाही, पण सुकेशनीने जवळ बसून शेंगा सोलत सगळं सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. "मंग त्या बाईले घरी बलाव. मले तिचं ऐकाचं हाये."

हिरीबाई आली ती बांगड्यांचा डबा घेऊनच. 'जय भीम' म्हणून चुलीपाशी बसली, बाबा नसले तरी आईच्या हातात हिरवा चुडा चढवला आणि मग गोधड्यांच्या खोलीत माईकसमोर उभी राहिली. सुकेशनीने तिला सांगितलं, माझ्यासारखं नको, दुकानात बोलता तसं बोला. हिरीबाई सुरू झाली ती थांबेचना. रंग, नक्षी, सासूची पसंती, सुनेची पसंती, लग्नाला काय, ओटीला काय, एका दमात. सुकेशनीला हेडफोनमध्ये श्वास घ्यायची जागाच सापडेना. मग तिने स्वतः माईकपाशी जाऊन मध्येच विचारलं, "मावशी, पन..." आणि थांबली. हिरीबाईही थांबली. "...दुकान कुठे हाये?"

दोघी खळखळून हसल्या. ते हसूही तिने जाहिरातीत ठेवलं.

पेजचं नाव तिने 'अनसिंगवाली' केलं. खाली बारीक अक्षरांत सुकेशनी. जांभळा रंग राहू दिला, तो तिला खरोखरच आवडायचा. घोटीव मराठीतले व्हिडिओ काढून टाकले आणि बोलायची तशी बोलू लागली. ऑटोवाले परत आले. टीव्हीसारखंच हवं असलेली काही गिऱ्हाइकं मात्र वाशीमला दुसरीकडे गेली.

पुढे कारंजाच्या एका कापडवाल्याचा फोन आला. त्याला दोघी पाहिजे होत्या. "तुमी अन् ते, कुठं थांबत नाई ते बाई."

सुकेशनीने लगेच शिरपूरला फोन लावला. पलीकडून बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती.

"माह्यासाठी फोन?" हिरीबाई म्हणाली. "नाव घेतलं का माह्यं?"

"नाई. न थांबनारी म्हने."

पलीकडची किणकिण थांबली. मग हिरीबाईने विचारलं, "चांगलं हाये का वं हे नाव?"