ओठ दोनदा मिटतात तिथे

तो दारातच थबकला. पुढच्या खोलीत, शिलाईयंत्राशेजारी, बाबा जमिनीवर कुशीवर पडले होते. गळ्यातला मापाचा टेप तसाच लोंबत होता. आई त्यांच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. आणि पलीकडे, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून, पोट कमी करायचे ते यंत्र आडवे झाले होते: दोन स्प्रिंगा, काळ्या स्पंजच्या मुठी, पाय अडकवायची दांडी. डावी स्प्रिंग निसटून बाहेर आली होती.

यंत्र त्याने ओळखले. ते घरात आहे, हे मात्र त्याला आज कळत होते.

"उसण भरलीय," आई म्हणाली. "डॉक्टर येऊन गेले. पंधरा दिवस शिवायला बसायचं नाही."

दोन महिन्यांपासून, तो कामावर गेला की बाबा दुपारी गुपचूप पोट कमी करत होते. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला शिंप्याच्या खडूने रोजचे माप लिहिले होते. बेचाळीस. बेचाळीस. बेचाळीस. एका ठिकाणी साडेएकेचाळीस लिहून पुन्हा पुसले होते.

"टेप जरा ओढून धरला होता त्या दिवशी," बाबा जमिनीवरून म्हणाले. "गिऱ्हाइकाशी नाही करत मी असं."

त्याच्या मस्तकात तिडीक गेली. एरवी घरात त्याचा आवाज 'हो', 'नाही' आणि 'बघतो' या तीन शब्दांपलीकडे क्वचितच जाई. आज तो चढला.

"जन्मभर लोकांची पोटं मोजलीत तुम्ही. असल्या खेळण्यानं एकाचं तरी उतरलेलं पाहिलंत? कोणी सांगितलं हे घ्यायला?"

उत्तर आईने दिले. "तू."

परक्या भाषांतल्या माणसांना आपला आवाज देणे हा त्याचा व्यवसाय होता. या यंत्राच्या जाहिरातीत तो सपाट पोटाचा तरुण झाला होता, जो सोफ्यावर लोळणाऱ्या म्हाताऱ्याला हात देतो. लिहून आलेल्या संहितेत 'मित्रा' होते. पण पडद्यावरच्या माणसाचे ओठ त्या जागी दोनदा मिटत होते आणि शब्द काही केल्या बसेना. तेव्हा, कधी नव्हे तो, त्यानेच सुचवले होते: 'बाबा' म्हणू या. ब, पुन्हा ब. ओठ बरोबर मिटतील. दिग्दर्शकाने त्याची पाठ थोपटली. पुढे दोन दिवस तो स्वतःवरच खूश होता.

ओळ अशी झाली होती: "बाबा, उठा. मी आहे ना तुमच्यासोबत."

पोट आत ओढून काढलेले, 'आधी'च्या शेजारचे 'नंतर'चे चित्र त्याने रेकॉर्डिंगच्याच दिवशी पाहिले होते. माणूस तोच, दिवसही तोच; फक्त श्वास रोखलेला आणि दिवा सरकवलेला. त्याने दबकत विचारलेही होते. दिग्दर्शक हसून म्हणाला होता, पोट तो आत घेतोय, तुझं काय जातंय? आणि शेवटची ती ओळ, की परिणाम केवळ मोजका आहार व नियमित व्यायामासोबतच दिसतील, ती कुणालाही कळणार नाही इतक्या वेगाने त्यानेच, एका दमात, वाचली होती.

"तुम्हाला कळत कसं नाही?" तो ओरडला. "आवाज विकतो मी. ते मी तुम्हाला म्हणालो नव्हतो."

आईचा हात पिशवीवर थांबला.

"ते कळलं होतं रे," बाबा हळूच म्हणाले. "पण ऐकायला बरं वाटायचं. जाहिरात रोज दुपारी टीव्हीवर लागायची. मग वाटलं, एवढं म्हणतोय तर उठू या."

त्याने यंत्र उचलले, मुठीला धरून जिना उतरला, प्रत्येक पायरीवर ते आपटू दिले आणि कचऱ्याच्या डब्यावर असे फेकले की झाकणाला पोचा आला. राग तसूभरही उतरला नाही. फक्त तो कुणावर आहे, हे स्पष्ट झाले. तिथेच उभे राहून त्याने दिग्दर्शकाला फोन लावला. दिग्दर्शक उलट खुशीत होता: परवा नव्या मॉडेलचे रेकॉर्डिंग, आणि ते 'बाबा' हवेच, लोकांना फार भिडले आहे. त्याने सांगितले की आपण येणार नाही, आणि जुन्या जाहिरातीतलाही आपला आवाज काढावा. दिग्दर्शक म्हणाला, दुसरा कुणीही म्हणेल. म्हणू दे, असे म्हणून त्याने फोन ठेवला. आणि दुसरा कुणीतरी खरेच म्हणेल, या विचाराने त्याच्या दाढा आवळल्या गेल्या.

तो वर आला, तेव्हा बाबा कोपरावर भार देऊन उठायची धडपड करत होते. अर्धवट शिवलेली पँट शिलाईयंत्राच्या सुईखाली वाट पाहत होती.

तो त्यांच्यापाशी जमिनीवर बसला. गळ्यातला टेप काढून त्याने गुंडाळला.

"बाबा," तो म्हणाला, आणि पुढचे वाक्य कुणी लिहून दिलेले नसल्याने बराच वेळ अडला. "ते सगळं खोटं होतं. मला माहीत होतं."

"सगळं?"

"पोटाचं," तो म्हणाला. "उठू नका. मी आहे."