साठ घरांची बैठकीची खोली

चार वर्षं व्हर्लीन पेटिग्रूने आपल्या इमारतीतली ती सामाईक खोली फक्त काचेतून पाहिली होती. आत ऐंशी माणसं बसतील एवढ्या टेबल-खुर्च्या, दोन शेगड्या, कपाटाएवढा फ्रीज. आणि दाराला कुलूप. का, तर म्हणे विमा. इमारतीचा मॅनेजर ब्रँडन हा शब्द असा उच्चारायचा, जणू आत वाघ बांधलाय.

गावात बॅटरीचा कारखाना आला, त्यामागोमाग माणसं आली आणि भाडी अशी भडकली, की शाळेत वीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला जन्मगावच परवडेना. मग सरकारने एका कंपनीला करात घसघशीत सवलत दिली आणि कमी भाड्याची ही साठ घरं बांधून घेतली. सवलत पदरात पडावी म्हणून कंपनीने अर्जात हात सैल सोडून आश्वासनं लिहिली होती. त्यात ही खोलीही होती, सर्व भाडेकरूंसाठी, रोज उघडी. व्हर्लीनला हे कळलं समोरच्या घरातल्या ओडेसाकडून. लोक मासिकं चाळतात तसे ओडेसा सरकारी कागद वाचायची. तिनेच तो अर्ज मिळवला, ब्रँडनला आठ पत्रं लिहिली, आणि आठव्या पत्राचं उत्तर यायच्या आत सोमवारी पहाटे ती गेली.

दफन शनिवारी होतं. दफनानंतर आलेल्या प्रत्येकाला बसवून जेवू घालायचं, ही त्यांच्या चर्चमधल्या लोकांची रीत. एरवी ही जेवणं चर्चच्या तळघरात व्हायची, पण तिथे पाणी शिरलेलं, आणि व्हर्लीनच्या घरात सहा माणसं शिरली की सातव्याने न्हाणीघरात उभं राहायचं. जेवण तर आपणच करणार, हा शब्द तिने ओडेसाला दवाखान्यात दिला होता.

गुरुवारी सकाळी ब्रँडन तिच्या दारात आला. कंपनीने अर्जातली आश्वासनं पाळली का, ते पाहायला आज राज्याच्या तपासणीच्या बाई येणार होत्या. खोली उघडली होती, टेबलावर बिस्किटंही मांडली होती.

"मिस व्हर्लीन, बाई कुणाला ना कुणाला विचारतीलच. खोली रोज उघडी असते, एवढंच सांगा. शनिवारी खोली तुमची."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सप्टेंबरात तुमचा करार संपतोय," तो मऊ आवाजात म्हणाला.

अशा इमारतीतून सबळ कारणाशिवाय कुणाला काढता येत नाही, हे ओडेसाने तिला घोकून घोकून पाठ करून घेतलं होतं. तरी भीती ती भीतीच. शिवाय चार शब्दांत काम होत होतं. ओडेसासाठी एवढं खोटं बोलायला तिची हरकतही नव्हती. पण ओडेसानेच तिला कच्चं खाल्लं असतं.

दुपारी तपासणीच्या बाई फाइल घेऊन खोलीत उभ्या होत्या. "ही रोज उघडी असते का?"

"रोज," ब्रँडन म्हणाला आणि व्हर्लीनकडे पाहून हसला.

"आज पहिल्यांदा उंबरा ओलांडलाय मी," व्हर्लीन म्हणाली. "चार वर्षांत पहिल्यांदा. पेन आहे ना तुमच्याकडे? लिहा."

बाईंनी लिहिलं. सुधारणेसाठी कंपनीला नव्वद दिवस मिळाले. त्या गेल्या आणि ब्रँडनने कुलूप घातलं.

"मिळाली खोली?" तो म्हणाला.

शनिवारी साठ-सत्तर माणसं काळ्या कपड्यांत थेट दफनभूमीवरून इमारतीच्या आवारात आली. व्हर्लीनने टेबलं काचेच्या दाराला खेटून, गाड्या लावायच्या जागेत मांडली होती. तळलेली कोंबडी, कॉलर्डच्या पाल्याची भाजी, मॅकरोनी, पाच प्रकारचे केक. ऊन रणरणत होतं. चर्चचे जुने सेवेकरी, नव्वदीचे डीकन हॉसी टोपी घालून घाम पुसत जेवत होते आणि त्यांच्या मागे काचेतून ऐंशी रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या हळू होत होत्या. कुणी फोटो काढले. तासाभरात ब्रँडन धापा टाकत हजर.

"वरून फोन आला. पाच वाजेपर्यंत उघडतो. फक्त आजच्यापुरती हं!"

"आधी जेव," म्हणत व्हर्लीनने त्याच्या हातात ताट दिलं. "ओडेसाच्या जेवणावरून कुणी उपाशी जात नाही. तूसुद्धा नाही."

तो बिचारा जेवला आणि मग त्याने कुलूप काढलं. डीकन हॉसींना आत गार हवेत बसवलं. ओडेसाच्या आठ पत्रांच्या गोष्टी निघाल्या, माणसं रडली, त्याहून जास्त हसली. व्हर्लीन शेगडीजवळ एकटीच मनसोक्त रडून घेऊन परत वाढायला लागली.

पाचला ब्रँडन किल्ली वाजवत दारात उभा राहिला. "मिस व्हर्लीन, वेळ झाली."

"कसली?"

"कुलूप लावायची."

कुणी उठलं नाही. डीकन हॉसींनी आपला कप पुढे केला आणि व्हर्लीनने तो काठोकाठ भरला.

"लाव की, बाळा," ती म्हणाली. "आम्ही आतच आहोत."

मग त्याच्याकडे पाठ करून तिने उद्या चर्चनंतर इथेच होणाऱ्या जेवणाला कोण काय आणणार, ते विचारायला सुरुवात केली.