कुंचीतला वरवंटा

पोलादपूरच्या स्टँडवर महाबळेश्वरची एसटी लागली, तेव्हा सोनाबाईला धक्काबुक्की करावीच लागली नाही. बायकांनी हात देऊन तिला वर घेतलं आणि एका माणसाने उठून खिडकीची जागा दिली. सगळ्यांची नजर तिच्या कुशीतल्या लाल कुंचीवर होती. कुंचीत बाळ नव्हतं, वरवंटा होता. पण सोनाबाईने खुलासा केला नाही. चालून आलेली जागा कोण सोडतो?

वरवंट्याचा हट्ट काही तिचा नव्हता. तिचा एकुलता मुलगा साहिल महाबळेश्वरात हॉटेलात आचारी होता. त्यानेच फोनवर सांगितलं, "आई, बारशाला वरवंटा तू आण. आमच्याकडं मिक्सर हाय." बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवायचा, त्याला पाळण्याखालून-वरून फिरवायचं आणि मग बाळाचं नाव ठेवायचं, ही रीत. साहिलच्या आधीही पाळण्यात हाच दगड निजला होता. नवरा गेल्यापासून आठ वर्षं एकटीपुरतं वाटण वाटणाऱ्या बाईला कुणीतरी म्हणालं होतं, तुझ्यावाचून अडलंय. तिने जुन्या लुगड्याची कुंची शिवली आणि नातवाआधी वरवंट्याला घालून पाहिली. नातू तिने अजून फोनवरच पाहिला होता.

आंबेनळी घाटातल्या मधल्या वळणावर गाडी थांबली. दरडीतून सुटलेला एक धोंडा रस्त्यात ठाण मांडून बसला होता. जेसीबी येणार, मग तो हलणार. बारसं दुपारी बाराचं, आणि फोनला रेंज नाही. लोक उतरून फोटो काढू लागले. खाली सावित्रीचं खोरं, समोर पायऱ्या पायऱ्यांचा काळा कातळ आणि त्यावर पिवळं पडत चाललेलं गवत. सोनाबाईला त्यातलं काही गोड लागेना.

शेजारी अनुपमा नावाची कॉलेजची मुलगी होती, डोंगरांचाच अभ्यास करायला निघालेली. बाळ बघू म्हणून तिने कुंची सारली, तर आत दगड. हसली मात्र नाही, हे तिचं भलेपण. मग तिने सांगितलं, हे सगळे डोंगर कधीकाळी जमिनीतून उकळत वर आलेला रस होते. एक थर निवायचा, त्यावर दुसरा यायचा. तुमचा वरवंटाही त्यातलाच, आजी.

"म्हंजे ह्यो पण कधीतरी ऊन व्हता," सोनाबाई म्हणाली.

ती पोचली तेव्हा अडीच वाजून गेले होते. पंगती उठत होत्या. सूनबाई अपेक्षाच्या माहेरच्यांनी वेळ टळायला नको म्हणून हॉटेलातल्या खलबत्त्याचा बत्ता झबल्यात गुंडाळून काम भागवलं होतं. अडला हरी! अपेक्षाने पाया पडून तिला जेवायला बसवलं. बाळ नुकतंच झोपलं होतं, उठवू नका म्हणाले. सोनाबाईने लांबूनच कानांची तयार टोपी घातलेलं ते इवलं डोकं पाहिलं. भिंतीवर फुग्यांच्या मधोमध नाव लावलं होतं, सोनेरी, हातभर इंग्रजी अक्षरांत. तिला मराठीच जेमतेम जुळवून वाचता यायचं. सगळे बाळाला पिल्लू म्हणत होते. आजीने परक्यांना विचारायचं तरी कसं, माझ्या नातवाचं नाव काय ठेवलंत म्हणून?

दोन खोल्यांत दहा पाहुणे होते, आणि साहिलची संध्याकाळची ड्युटी. साडेचारच्या गाडीत त्याने तिला बसवलं, पिशवीत बुंदी दिली, नीट जा म्हणाला. नाव त्यालाही तिला विचारवलं नाही. गाडी हलल्यावर तिच्या लक्षात आलं की कुंची द्यायची राहूनच गेली. तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

घाट उतरताना ऊन थेट खिडकीतून मांडीवर आलं. कातळाचे थर एकेक करून मागे पडत होते. शेजारची बाई पेंगत होती, ती जागी झाली आणि तिने कौतुकाने कुंचीवर हात ठेवला. दगड उन्हाने चांगला ऊबदार झाला होता.

"झोपलाय वाटतं. नातू काय?"

"हो."

"नाव काय ठेवलं गो?"

सोनाबाईने कुंचीचा काठ जरा पुढे ओढून घेतला, ऊन लागू नये म्हणून.

"बारसं व्हायचं हाय अजून," ती म्हणाली.