पहिल्या घरचं शिळं पाणी

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि तुमचा बसला तर मला तुमची काळजी वाटेल. परवा नानाखेड्याच्या एका कॉलनीत मी नेमकी अशीच सुरुवात केली. घरोघरी पाण्याचे मीटर लावू द्यायचे की नाही, यावर तिथे सभा होती. बागेत खुर्च्या मांडल्या होत्या, लोक आधीच तावातावाने भांडत होते आणि अध्यक्षांचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, मंडळी, अध्यक्ष येईपर्यंत एक गोष्ट ऐका. तुमचा हा प्रश्न भैरवगढच्या रस्त्यावरच्या एका गल्लीत गेल्या उन्हाळ्यात सुटला. कसा सुटला ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

गल्ली सोळा घरांची. पहिल्या घरात भय्यासाहेब. बँकेतून निवृत्त, शिकलेला, देखणा माणूस. त्यांच्या मिशा बघायला देवासहून लोक यायचे.

"तिकीट होतं का?" पुढच्या खुर्चीवरून केतकी नावाच्या मुलीने विचारलं.

"पहिल्या वर्षी नव्हतं," मी म्हणालो आणि पुढे निघालो.

शेवटच्या, सोळाव्या घरात मुक्ता. लाकडी ठशांनी कापड छापायचं भैरवगढी काम ती करायची. हात असा की तिने साडीवर छापलेल्या आंब्यावर माशा बसायच्या. पण कापड छापायला रंग लागतो वाटीभर आणि धुवायला पाणी लागतं पिंपभर. तिथेच सगळं अडलं होतं.

उन्हाळ्यात गल्लीत एक दिवसाआड नळ यायचे, तेही सकाळी तासभर. भय्यासाहेबांनी आपल्या नळाला थेट मोटर जोडली होती. मोटर कसली, तिने हत्ती ओढला असता. एकदा तर गंभीर नदीच्या धरणातली जिवंत मासोळी ओढून तिने त्यांच्या टंकीत आणून सोडली.

"काका, वाटेत पाणी गाळतात," केतकी म्हणाली.

"म्हणून तर ती बारीक झाली होती."

आता जे सांगतो ते मात्र शंभर टक्के खरं आहे. पहिल्या घरची मोटर सुरू झाली की सोळाव्या घरचा नळ उलट हवा आत ओढायचा. मुक्ताच्या ओढणीचं टोक एकदा नळात गेलं, ते मोटर बंद होईपर्यंत सुटलं नाही. तिला पाणी मिळायचं ते शेवटची दहा मिनिटं, करंगळीएवढ्या धारेचं. बाकीचं ती कोपऱ्यावरच्या हापशीवरून आणायची. त्या पाण्यात लोखंडाचा अंश. त्यात धुतलं की लाल रंग तपकिरी व्हायचा. एका लग्नघरच्या साड्या तशाच तपकिरी होऊन परत आल्या. तेव्हा मुक्ताने ठरवलं, पुरे झालं. वैशाख संपला की घर बंद करायचं आणि इंदूरला बहिणीकडे जायचं. तिथे साड्यांच्या दुकानात घड्या घालायचं काम तयार होतं. ज्या हातांनी साड्या छापल्या, त्यांनी आता दुसऱ्यांच्या साड्यांच्या घड्या घालायच्या.

नेमकं त्याच सुमाराला पाण्याच्या खात्याने गल्लीला विचारलं, की महिनाभर मीटर लावून बघता का. बिल नाही, नुसता आकडा. पटलं तर ठेवा.

भय्यासाहेबांच्या ओट्यावर बैठक बसली. भय्यासाहेब मीटरच्या विरोधात उभे राहिले आणि अर्धा तास बसलेच नाहीत.

"शिप्रेच्या काठावर राहून आपण पाणी मोजून घ्यायचं? सिंहस्थात अख्ख्या देशाला पाणी पाजणारं गाव आहे हे. उद्या श्वासाला पण मीटर लावतील."

"शिप्रेचं फुकटच आहे, भय्या," अक्का म्हणाल्या. अक्का आठव्या घरातल्या. शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे निम्म्या गल्लीने त्यांच्या हातची छडी खाल्लेली. "रामघाटावर जा, हंडा भर, डोक्यावर घेऊन ये. कोण अडवतंय तुला? ते पंपाने चढवायला, गाळायला, तुझ्या मोरीपर्यंत आणायला खर्च येतो. तो आपण आजही देतो, आणि सगळे सारखाच देतो. तू टंकी भरून देतोस. मुक्ता नळाचा खोकला ऐकून देते."

मुक्ता मागे भिंतीला टेकून उभी होती.

"आणि ज्याच्याकडे द्यायलाच नाही त्याने काय करायचं? बिलाच्या भीतीने पाणी प्यायचं सोडायचं?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"हा प्रश्न बरोबर आहे," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी तो वहीत लिहून घेतला. "पिण्या-रांधण्यापुरतं पाणी प्रत्येक घराला नाममात्र दरात. त्याच्या वर जो वापरेल त्याने जास्त भरावं. हे लेखी मिळालं तरच मीटर. आणखी?"

"आणखी म्हणजे, मीटर हवेवर पण फिरतो. हवेचं बिल कोण भरणार?"

"नळात हवा कुठून येते ते तुझ्या मोटरला विचार."

लोक हसले. भय्यासाहेबांना कुणी हसलेलं चालत नसे. ते म्हणाले, "लावा मग. बिलकुल लावा. आमच्या घरात दोन म्हातारी माणसं. सगळ्यात कमी आकडा आमचाच येणार. नाही आला तर मीटर चोर, आणि मी स्वतः तो उखडून फेकून देईन."

महिना झाला. पहिल्या घरचा काटा असा काही फिरला होता, की आकडा लिहायला आलेल्या माणसाने मीटरला दोन मिनिटं सावलीत बसवलं आणि मगच वाचला. शेवटच्या सहा घरांनी मिळून जेवढं पाणी वापरलं, त्याहून जास्त एकट्या पहिल्या घराने! मुक्ताचा काटा जेमतेम हलला होता.

"मीटर चोर आहे," भय्यासाहेब म्हणाले आणि पाना आणायला आत गेले. बाहेर येतात तर दारात अक्का उभ्या, हातात वीस लिटरची बादली.

"उखडायच्या आधी मोज."

नळ अजून चालू होते. त्यांनी टंकीचा पाइप बंद करून नळाखाली बादली लावली. दहा बादल्या भरल्या. मीटर बरोबर दोनशे लिटर पुढे सरकला होता. पुन्हा दहा भरल्या, पुन्हा दोनशे. काटा एका लिटरनेही खोटं बोलेना.

"मग पाणी जातं कुठे?" भय्यासाहेब म्हणाले. "आम्ही दोघं काय पाणी चावून खातो?"

"परवा नळ यायच्या वेळेला मी येते. बघू."

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का खुर्ची घेऊन त्यांच्या ओट्यावर बसल्या. नळ यायला दहा मिनिटं होती. भय्यासाहेब आणि त्यांची बायको कामाला लागले. हंडा नालीत रिकामा केला. मग दोन कळशा. मग चार बादल्या. मग ते न्हाणीतलं मोठं पिंप ढकलत बाहेर आणू लागले.

"हे काय चाललंय?"

"शिळं पाणी आहे, अक्का. परवाचं. नळ आले की ताजं भरायचं. आमच्या आईपासूनची पद्धत."

"शिळं म्हणजे?"

"शिळं म्हणजे शिळं. दोन दिवसांचं."

अक्का शाळेत फळ्यापाशी बोलावलेल्या पोराकडे बघायच्या तशा बघत राहिल्या.

"भय्या, धरणात हे पाणी कधी साठलं?"

"पावसाळ्यात."

"आता महिना कोणता?"

"वैशाख."

"म्हणजे आठ-नऊ महिने ते धरणात ताजं राहिलं, आणि झाकण लावलेल्या तुझ्या पिंपात दोन दिवसांत शिळं झालं. कसं, ते मला समजावून सांग."

पिंप अर्धवट तिरकं होतं. भय्यासाहेबांनी ते हळूच सरळ केलं. मग त्यांचं लक्ष नालीकडे गेलं. आत्ताच ओतलेलं पाणी, स्वच्छ, तळ दिसेल असं, गल्लीच्या उताराने वाहत चाललं होतं. ते त्याच्या मागे निघाले. चौथं घर गेलं, आठवं गेलं, बारावं गेलं. पाणी काही थांबेना.

सोळाव्या घराच्या पायरीवर मुक्ता बसली होती. शेजारी दोन पोती. एकाचं तोंड तिने सुतळीने बांधलं होतं. दुसऱ्यात ती एकेक ठसा जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवत होती. समोरून नाली वाहू लागली तशी तिने मान वर केली.

"नळ आले वाटतं," ती म्हणाली. "माझ्याकडे हे असंच कळतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर भय्यासाहेबांनी उत्तर दिलं असतं; उत्तरांची त्यांना कधी कमी नव्हती. ते तसेच मागे वळले. घरी येऊन त्यांनी मीटरसाठी काढलेला पाना उचलला, मोटरचं बटण बंद केलं आणि मोटर पाइपापासून सोडवली. अक्कांनी खुर्ची जरा बाजूला घेतली, त्यांना जागा व्हावी म्हणून.

मग गल्लीने असं दृश्य पाहिलं जे पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. बायका-पुरुष आपापल्या नळापाशी उभे राहिले आणि एकेका दारातून पुढच्या दाराला हाक जाऊ लागली.

"सहाव्यात आलं!"

"आमच्याकडे पण, पूर्ण धार!"

"बाराव्यात आलं!"

सोळाव्या घरचा नळ आधी खोकला. मग अर्धा मिनिट नुसती हवा. मग गढूळ, लालसर पाणी. आणि मग अशी धार सुटली, अशी सुटली, की दोरीवर वाळत घातलेली साडी पतंगासारखी वर गेली आणि तिसऱ्या दिवशी रतलामला सापडली.

"काका," केतकी म्हणाली.

"बरं, जरा अलीकडे, नागद्याला."

मुक्ताने सुतळी सोडली. त्याच सकाळी तिने लाल छापाचं कापड नळाखाली धुतलं, तीन पाण्यांत, आणि लाल रंग लालच राहिला. शेजारणी हात लावून बघत होत्या. कोणीतरी गूळ वाटला. इंदूरच्या बहिणीला निरोप गेला, की घड्या घालायला दुसरं कुणी शोध.

रविवारी पुन्हा बैठक झाली. अक्कांच्या वहीतल्या अटी वाचल्या गेल्या. गरजेपुरतं पाणी नाममात्र दरात, नळाला थेट मोटर कुणीच लावायची नाही, आणि आकडा चुकीचा वाटला तर घरमालकासमोर बादलीने मोजून दाखवायचा. सोळाही घरांनी सह्या केल्या. पहिली सही भय्यासाहेबांची. पुढच्या महिन्यात त्यांचा आकडा इतका खाली आला, की नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा ते तो आल्यागेल्याला दाखवू लागले.

म्हणून सांगतो, मंडळी. मीटरवर जरूर भांडा. दराची अट लेखी घ्या, गरिबाच्या घोटावर कुणाला हात ठेवू देऊ नका. पण ज्याच्या घरी नळ आधी येतात, त्याला आपल्या ओट्यावरून शेवटचं घर दिसत नाही, हे ध्यानात ठेवा. भय्यासाहेबांना ते तीस वर्षं दिसलं नाही. तो माणूस वाईट नव्हता, सगळ्यांच्या मदतीला धावणारा होता. त्याला फक्त कुणी मोजून दाखवलं नव्हतं. पिंप ओतण्याआधी पाणी किती दिवसांचं आहे ते बघू नका. ते कुणाच्या वाट्याचं आहे ते बघा.

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतला एक आडमुठा गृहस्थसुद्धा म्हणाला, की महिनाभर लावून बघायला हरकत नाही. मला चेव आला. मी म्हणालो, "भय्यासाहेब सध्या पुण्याला मुलाकडे असतात. नाहीतर आज त्यांनाच तुमच्यासमोर उभं केलं असतं."

केतकी उठून उभी राहिली.

"मधुकाका, मी दर गुरुवारी मुक्ताताईकडे छपाई शिकायला जाते," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "त्या गल्लीत भय्यासाहेब नावाचं कुणी राहत नाही. पहिल्या घरात तुम्ही आणि नंदाकाकू राहता."