पाहुण्यांपुढची पिशवी

धैर्यशीलनं खाली वाकून खाटेला अडकवलेली लघवीची पिशवी पुन्हा बोटानं हलवून पाहिली. तळ कसाबसा ओला होता. आतड्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याच्या वडिलांना, नाथाजी सुभेदारांना, सलाईनवर सलाईन चढत होतं. मग एवढं पाणी मुरत होतं कुठं? डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, "आत जातंय त्या मानानं बाहेर यायला हवं. संध्याकाळपर्यंत लघवी वाढली नाही, तर किडनीसाठी मिरजेला हलवू." कडेगावात मयतीला सगळ्यांना धीर देत फिरणारा हा गडी, पण आज त्याला स्वतःचाच धीर पुरेना.

सांजेला सिस्टर नौशीन मोजायला आली. पिशवी बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"तासाला दोन मोठे चमचे तरी पडायलाच पाहिजे. कुणी मधी ओतली तर न्हाई ना?"

पायथ्याशी बसलेल्या त्याच्या आईनं, हरणाबाईंनी, पदराचं टोक पिळलं.

"मी ओतली. आष्ट्याचं पाव्हणं बघाया आलं, मग पलूसचं आलं. चारचौघांत ती लोंबताना बघून ह्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. पल्टनीत उभा जन्म ताठ मानंनं काढलेला माणूस! मग पाव्हणं जिन्यात दिसलं की मी आदीच रिकामी करून यायची."

"आये!" धैर्यशील ओरडला आणि दुसऱ्याच क्षणी हसत सुटला. तिच्यावर चिडावं की तिच्या पाया पडावं, त्याला कळेना. "म्हंजे तात्यांची किडनी ठणठणीत हाय की! उगं जीव टांगणीला लावलास बघ."

त्यानं लगेच बायकोला फोन लावला.

नौशीन मात्र हसली नाही. ती हरणाबाईंजवळ टेकली.

"मावशी, ओतली तवा किती असायची?"

हरणाबाईंनी आधी लेकाकडं बघितलं. आई आपल्याकडं अशी का बघतेय, हे धैर्यशीलच्या ध्यानात येईना. फोन कानालाच होता.

हरणाबाईंनी उजवा तळवा पुढं केला, बोटं जराशी वाकवली.

"सगळी मिळून पसाभर बी न्हवती, बाई."

नौशीन उठली आणि डॉक्टरांच्या खोलीकडं झपाझप चालत गेली.

"आवं, बोला की," फोनमधून राजेश्वरी विचारत होती. "तात्या बरं हायत न्हवं?"