खालून एक ठोका

"दाब ना बराबर! फर्मा हालला का खाच वाकडी जाते," खाच कोरणाऱ्या राउटर यंत्राच्या आवाजावर मुखरू वाढई ओरडला.

त्याच्या बायकोनं, भागीरथानं, लाकडी फर्म्यावर दोन्ही हातांनी आणखी भार दिला. फर्म्याच्या चौकटीत राउटर फिरला की हात थरथरला तरी खाच सरळ पडते. पूर्वी फर्मा दाबायचं काम त्यांच्या लेकीचं, रिनाचं होतं. घरात लाकूड आवळून धरायचे शिकंजे होते, पण ती म्हणायची, शिकंज्याले माह्याएवढं वजन कुठी हाय! आता रिना नव्हती. भामरागडकडच्या सासरी, पावसानं रस्ता बंद असताना तापानं गेली. तिची तीन वर्षांची दिव्यानी आज टेम्पोतून आलापल्लीला आजोळी राहायला येणार होती. जावई हेमराजनं फोनवर तसं कबूल केलं होतं. तेव्हापासून मुखरूनं गिऱ्हाइकांची कामं बाजूला टाकून तिच्यासाठी हा एवढासा पलंग धरला होता. ब्रह्मदेव आला असता तरी त्याला थांबावं लागलं असतं.

टेम्पो आला. मुखरूनं आधी केबिनमध्ये डोकावलं. टेम्पोवाला एकटाच होता.

"पोरगी कुठी हाय?"

त्यानं मागची ताडपत्री उचलली. आत रिनाला आंदण दिलेला सागवानी पलंग होता. चारही बाजूंच्या पाट्या खुरांजवळ, म्हणजे पायांजवळ, करवतीनं कापलेल्या.

"हेमराजभाऊचं दुसरं लगन जमलं," तो खाली बघत म्हणाला. "पलंग खुलत नव्हता, मंग कापला. म्हणे, देणंघेणं संपलं. पोरगी नाई देत म्हणे, अन् तुमी बी येऊ नोका तिकडं."

भागीरथानं छोट्या पलंगाच्या पाचरी उचलून मुठीत घेतल्या.

मुखरू कापलेल्या खुरापाशी गेला. डोंगीतून नदीपार न्यायचा म्हणून त्यानं हा पलंग सुटा होणारा केला होता. खुराच्या खाचेत पाटीचं कुसू, म्हणजे बारीक केलेलं टोक, आणि ते सुटू नये म्हणून पाचर. कापलेल्या कुसवाचा तुकडा खाचेत अजून गच्च होता. त्यानं पाचरीला खालून एक ठोका मारला. पाचर वर आली, तुकडा अलगद हातात आला.

"रिनाले येत होतं हे. एक फोन लावला असता तं म्या बी सांगतलं असतं. कापला काऊन गा?" मुखरूनं तुकडा टेम्पोवाल्यापुढं धरला. एवढं विचारण्यापुरतीही सोयरीक उरली नव्हती.

मग तो घाईनं उठला. छोट्या पलंगाचे खूर आणि पाट्या त्यानं सुतळीनं बांधल्या आणि गठ्ठा टेम्पोपाशी आणला.

"हा घेऊन जाय, दिव्यानीचा हाय. त्यायले सांगजो, खालून एक ठोका मारला का खुलते. कापू नोका म्हणा."

टेम्पोवाल्यानं हात जोडले. "भाऊ, इकडून काईच आणू नको म्हणून बजावलं मले. रिकामी गाडी आण म्हणे."

कापलेला पलंग उतरवून टेम्पो रिकामाच वळला. मुखरू गठ्ठा छातीशी धरून रस्त्यापर्यंत मागं गेला. छोट्या पलंगाच्या चार पाचरी भागीरथाच्या मुठीत राहिल्या होत्या.