साखळीतलं सहावं कुलूप

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लिओना क्रेनेकच्या रानात बुलडोझर शिरला. हरणांच्या मोसमाचा तो पहिलाच दिवस, आणि पहिला बार काढायला कायद्याने मुभा मिळते ती नेमकी हीच वेळ. उत्तरेच्या मचाणावर डॉइल टिडवेल तासभर श्वास रोखून बसला होता. दोनशे पावलांवर बुलडोझर मेस्किटची झाडं मुळासकट उपटू लागला, तेव्हा तो बंदूक रिकामी करून खाली उतरला.

डॉइल आणि त्याचे चार सोबती ह्यूस्टनहून येत. एकोणीस वर्षं हे रान शिकारीसाठी भाड्याने त्यांच्याकडेच होतं. करार तोंडी. पहिल्या दिवशी लिओनाच्या स्वयंपाकघरात न्याहारी करायची, उठताना हात मिळवायचा, की पुढचं वर्ष पक्कं. मोठ्या दुष्काळात गुरं विकल्यापासून या विधवेचं घर त्या हातमिळवणीवरच चालत होतं.

त्या दिवशी न्याहारीला पाचही जण आले. अंडी संपली, कॉफी संपली.

"मिस लिओना, आम्ही हरणं मारायला येतो, रस्त्याचं काम बघायला नाही," डॉइल म्हणाला.

"मी थांबवते त्यांना."

"थांबवा. मग बोलू."

उठताना त्याने टोपी घातली. हात पुढे केला नाही.

ती बुलडोझरजवळ गेली, तिथे तेलकंपनीचा माणूस उभा होता. नाव स्टोल्ट्झ, वय तिशीच्या आत, बूट कोरे करकरीत. त्याने अदबीने कागद पुढे केला. "मॅडम, ऑगस्टमध्येच नोटीस पाठवली होती."

"नोटीस आली. परवानगी कुठे मागितलीत?"

"ती मागावी लागत नाही, मॅडम. वरची जमीन तुमची. खालचं ज्यांचं आहे, त्यांनी सही दिलीय."

खालचं तिच्या नवऱ्याच्या अल्बिनाआत्याचं होतं. १९५३ साली लिओनाच्या आजेसासऱ्यांनी वाटण्या केल्या. तोवर त्यांनी तीन विहिरी खणल्या होत्या आणि तिन्हींना खारं पाणी लागलं होतं. अल्बिनाने घरच्यांचं न ऐकता परक्या, बाप्टिस्ट पंथाच्या माणसाशी लग्न केलेलं. म्हाताऱ्याने गवत, झाडं, गुरं मुलाला दिली आणि लेकीच्या नावे जमिनीखालचं सगळं लिहून दिलं. 'घे, तुझं खारं पाणी,' असं भर टेबलावर म्हणाला, आणि सगळे हसले. आता तो हक्क अल्बिनाच्या नातवाकडे आहे; तो दूर फ्रेझ्नोत दातांचा दवाखाना चालवतो. त्याने हे रान कधी पाहिलेलं नाही.

"झाडांची, गवताची भरपाई मिळेल," स्टोल्ट्झ म्हणाला.

"आणि हरणांची?"

"हरणं तुमची कुठे आहेत, मॅडम? ती राज्याची."

ते खरं होतं.

रविवारी संध्याकाळी ती फाटकावर गेली. या भागात ज्याचा ज्याचा हक्क, त्याचं त्याचं कुलूप एकमेकांत अडकवून साखळी करतात. कुठलंही एक उघडलं की फाटक उघडतं. लिओनाचं, डॉइलचं, वीजवाल्यांचं, पाईपलाईनवाल्यांचं आणि शेजाऱ्याचं, अशी पाच कुलपं होती. सहावं, कंपनीचं, गुरुवारी आलेलं. तिने साखळी अशी जोडली की सहावं नुसतंच लोंबत राहिलं. ते उघडूनही फाटक हललं नसतं. घाईत शिकारीही अशी चूक करतात आणि दुसऱ्याला तासभर बाहेर तिष्ठत ठेवतात.

सोमवारी आठ वाजता स्टोल्ट्झच्या गाडीमागे शेरीफचा डेप्युटी रोहेल्यो कान्तू आला. लहानपणी रविवारच्या धर्मवर्गात तिनेच त्याला शिकवलं होतं.

"मिस लिओना, हे कुलूप चुकून बाहेर राहिलं ना?"

"नाही. मी ठेवलं."

"हे मी ऐकलेलं नाही. चुकून राहिलं, असंच लिहितो." तो खाली बघत होता. "उघडा. नाही उघडलंत तर ते कापतील, आणि मला इथे उभं राहून बघावं लागेल."

"तू माझ्या बाजूचा की त्यांच्या?"

"मी फाटकाच्या बाजूचा. उघडा हो."

किल्ली तिच्या गळ्यातच होती. आपलं कुलूप उघडून तिने सहावं साखळीत नीट अडकवलं. स्टोल्ट्झ "थँक यू, मॅडम" म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

सॅन अँटोनिओच्या वकिलाने फोनवर सात मिनिटांत सांगितलं की खटला उभा राहणार नाही. फ्रेझ्नोच्या दवाखान्यातल्या बाईने विचारलं, "दात दुखतोय का?" लिओनाने नातं सांगून निरोप ठेवला. डॉइलला तिने तीनदा फोन केला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने उचलला आणि तो अंघोळीला गेलाय म्हणाली.

बुधवारी उत्तरेला तेल खोदायचा मनोरा उभा राहिला. गुरुवारी दुपारी डॉइलच्या सोबत्यांपैकी एकजण एकटाच आला आणि रानात मुक्कामासाठी ठेवलेल्या शिकाऱ्यांच्या फिरत्या घरातला फ्रीज ट्रकमध्ये चढवून घेऊन गेला. दुरुस्तीला नेतो, म्हणाला. फिरतं घर अजून जागेवर आहे. शुक्रवारी सकाळपर्यंत डॉइलचा फोन आलेला नाही.